झालेल्या कामाचं टोकन

रविवारी मेसमध्ये डोसा असला की आपण काउंटरला चिकटून उभे राहत नाही. टोकन घेतो, गप्पा मारतो, नंबर आला की उठतो. असिंक्रोनस प्रोग्रॅमिंग म्हणजे दुसरं काही नाही. सी शार्पमध्ये या टोकनला 'टास्क' म्हणतात. 'अवेट' म्हणजे नंबरची वाट पाहणं, पण रस्ता न अडवता. २०१२ साली सी शार्प ५ मध्ये ही सोय आली.

पण डोसा आधीच तयार असेल तर?

घनसावंगी तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. वडिलांसाठी मी बाजारभाव दाखवणारं ॲप केलं. नेटवरून आलेला भाव बदलला असेल तरच त्याची नोंद करायची. नोंद करणारं फंक्शन टास्क परत करायचं. भाव तोच असला तर कामच नाही, मग टास्क कशाला, म्हणून मी तिथे नल परत केलं. कंपायलरने पिवळी सूचना दिली, ती कोण वाचतो!

सुट्टीत वडिलांनी एकदा भाव पाहिला, ठीक. दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि ॲप बंद! "यापेक्षा व्यापाऱ्याला फोन केलेला बरा," म्हणाले. झालं असं, की अवेट टोकन मागत होता आणि मी त्याला रिकामा हात दाखवला होता.

मग मी टास्क.रन वापरलं. ॲप चाललं, पण तयार डोशासाठी पुन्हा तवा तापवण्यातला प्रकार. काम काहीच नाही आणि एक थ्रेड उगाच गुंतलेला.

खरा उपाय एका ओळीचा निघाला. परत द्यायला काही नसेल तर टास्क.कम्प्लिटेडटास्क. मेमरीत जपलेला भाव द्यायचा असेल तर टास्क.फ्रॉमरिझल्ट. आधीच चूक कळली असेल तर टास्क.फ्रॉमएक्सेप्शन. तिन्ही म्हणजे नंबर आधीच लागलेली टोकनं. अवेट आधी "झालं का?" एवढंच विचारतो. झालं असेल तर न थांबता पुढची ओळ. जावावाल्यांनो, तुमच्याकडे कम्प्लिटेबलफ्यूचरचं कम्प्लिटेडफ्यूचर आहेच.

थोडक्यात काय, टोकन देतो म्हटलं की टोकन द्यायचंच, काम असो वा नसो. समोरचा त्याच भरवशावर बसलेला असतो.

आता वडील रोज भाव बघतात. व्यापाऱ्यालाही फोन करतातच, ती गोष्ट वेगळी!