डाकूच्या मुलाची गोष्ट

जामच्या चौरस्त्यावर नागपूरचा रस्ता फुटतो : एक फाटा हिंगणघाटकडे, दुसरा वरोरा-चंद्रपूरकडे. तिथल्या एका टपरीवर सुतळीला चिमटे लावून इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली असायची. परवा एसटीतून उतरलो, तर त्या जागी चिप्सच्या माळा लोंबत होत्या. जीव चरकला.

इंद्रजाल 1964 साली साठ पैशांत सुरू झालं. पहिली बारा वर्षं मुख्यतः वेताळ (फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक या परदेशी नायकांची. त्यांचं कौतुक आजही होतं, जुन्या अंकांना भावही येतो. मला सांगायचंय ते बहादूरबद्दल.

1976 साली आबिद सुरतींनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटला. कुडता आणि जीन्स घालणारा, जयगढचा तरुण. बाप डाकू, पोलिसाच्या गोळीने मेलेला. आणि त्याच पोलिसाने, विशालने, या पोराला वाढवलेलं. सूड घ्यायला निघालेला बहादूर बापाचं खरं रूप कळल्यावर थांबतो आणि गावं राखायला नागरिक सुरक्षा दल उभं करतो. डाकूंच्या चित्रकथांचा हा प्रकार आपल्या मातीतला होता. आमच्या पवनारच्या विनोबांपुढे 1960 साली चंबळच्या डाकूंनी शस्त्रं ठेवली, 1972 साली जयप्रकाश नारायणांपुढे. घरात थोरांच्या तोंडून हे ऐकलेलं, म्हणून जयगढ आम्हाला परकं वाटलंच नाही.

आठवीत एका सरांनी माझा बहादूरचा अंक वर्गासमोर टराटरा फाडला. म्हणाले, ‘‘हे वाचून डाकू होशील!’’ सर, तुम्ही चार पानं वाचली असती, तर डाकूचा मुलगा माणूस कसा होतो ते दिसलं असतं. हे तेव्हा बोलता आलं नाही, आज बोलतो.

1990 साली इंद्रजाल बंद पडलं. आता कॉमिक्सच्या आठवणी निघाल्या की वेताळाची कवटीची अंगठी निघते, बहादूरचं नाव कुणी काढत नाही. बाहेरचा नायक जपला आणि घरचा रद्दीत घातला, याचं मला फार दुःख आहे. आणि आजची पोरं मोबाइलवर जी चित्रकथा वाचतात, तिच्यातला माणूस मराठी बोलत नाही.

तो फाटका अंक मी घरी आणून खळीने चिकटवला होता. लाल रंग रेषेबाहेर सांडलेला, कागद पिवळा पडलेला. शेवटची पानं मात्र सापडलीच नाहीत. कुणाच्या माळ्यावर मराठी बहादूर असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी घरातल्या पोराच्या हातात द्या.