डोंगरापर्यंत पोहोचलेला वर्ग
केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर विद्यापीठीय अभ्यासक्रम इंटरनेटवरून विनामूल्य शिकता येतात. शुल्क पडते ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, राजूर-भंडारदऱ्याच्या आदिवासी पट्ट्यात, आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान मोबाइलवर थांबवून, मागे नेऊन, समजेपर्यंत पुन्हा ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण भरल्या वर्गात तीच शंका दुसऱ्यांदा विचारायला विद्यार्थी कचरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, ‘स्वयम्’वरून मिळवण्याची मुभा दिली आहे. खरी अडचण भाषेची आहे, कारण बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. महाविद्यालयांनी आठवड्यातून एक तास तरी मराठीतून शंकानिरसनासाठी राखून ठेवावा.