‘साहेबांशी कधी बिनसलं का?’

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं निवडायचं काम मी गेली १८ वर्षं करते आहे. मुलाखतीत एक प्रश्न विचारला की समोरच्याचा हात हमखास पाण्याच्या ग्लासाकडे जातो. ‘‘आधीच्या नोकरीत साहेबांशी बोलण्यात कधी घोटाळा झाला होता का? काय झालं होतं?’’

उमेदवाराला हा सापळा वाटतो. मग बरेच जण म्हणतात, ‘‘छे मॅडम, आमचं कधीच वाजलं नाही.’’ टेबलाच्या अलीकडे आमच्यापुढे गुणांचा कागद असतो. त्यातला तो रकाना तसाच कोरा राहतो. कोऱ्या रकान्याला गुण द्यायचे तरी कसे?

एकदा उलटं घडलं. एक अनुभवी गृहस्थ जुन्या साहेबांबद्दल दहा मिनिटं बोलत राहिले. त्यातलं बरंचसं खरंही असेल. पण माझ्या शेजारी बसले होते, तेच त्यांचे होणारे साहेब. पाचव्या मिनिटाला या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. होणारा साहेब बहुतेक वेळा समोरच बसलेला असतो, आणि तुमच्या तक्रारीत तो उद्याच्या स्वतःला पाहत असतो.

हा प्रश्न घटनेच्या रूपात विचारण्यामागे कारण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना मोघम मतांपेक्षा प्रत्यक्ष प्रसंग गोळा करण्यावर भर दिला. त्या पद्धतीवरचा त्यांचा लेख १९५४ साली आला. ‘माझं संवादकौशल्य चांगलं आहे’ असं कुणीही म्हणू शकतं. घडलेला प्रसंग मात्र बारकाव्यांनिशी सांगावा लागतो.

तो कसा सांगावा, हे मला एका डिप्लोमा झालेल्या मुलाने दाखवलं. प्रश्न ऐकून तो गप्पच बसला. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच शेजारी बसलेल्या प्लँट हेडनी हात वर केला. ‘‘थांबा, त्याला आठवू दे.’’

मग तो बोलला. ‘‘रात्रपाळी होती. सुपरवायझर लांबूनच ओरडले, ‘लॉट थांबव!’ मी मशीन बंद केलं. त्यांना म्हणायचं होतं, तयार माल गाडीत चढवू नको. दोन तास मशीन बंद राहिलं आणि नको तो माल निघून गेला.’’

‘‘चूक कुणाची?’’ प्लँट हेडनी विचारलं.

‘‘मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, सर. पण परत विचारणं माझ्या हातात होतं.’’ त्याने खिशातून तेलाचे डाग पडलेली छोटी डायरी काढली. ‘‘तेव्हापासून सूचना मिळाली की यात लिहितो आणि त्यांना वाचून दाखवतो. पहिले दोन-तीन दिवस ते वैतागले. आता तेच विचारतात, ‘काय ऐकलंस, सांग.’’’

तो बाहेर गेल्यावर प्लँट हेडनी कागदावर एकच शब्द लिहिला: डायरी.

भांडण कुणाचं खरं होतं, याचा निवाडा करायला आम्ही बसत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही काय बदललंत, ते आम्हाला ऐकायचं असतं. उद्या मुलाखतीला जाणार असाल, तर आज रात्री असा स्वतःचा एक ‘थांबव’ आठवून ठेवा.