विमान बेपत्ता, संसदही गैरहजर

जयपूरच्या तिलक नगरपासून सांगानेरचे विमानतळ सरळ रेषेत दहा किलोमीटरही नाही. सुटीत पुण्या-मुंबईकडे निघालेल्या मराठी कुटुंबाचे ओळखपत्र तेथे दाराशीच तपासले जाते. तपासणारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान आता इतका सवयीचा झाला आहे की, तो तेथे केव्हा आणि का आला, हे कोणी विचारत नाही. तो ३ फेब्रुवारी २००० रोजी आला. देशातील विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून या दलाकडे सोपविण्याचा आरंभ दिल्ली किंवा मुंबईत झाला नाही. तो जयपुरात झाला. इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ या विमानाचे अपहरणनाट्य संपून तेव्हा पाच आठवडेही उलटले नव्हते.

कंदाहारपासून सरकारने घेतलेला धडा हा असा दाराशी उभा आहे. प्रवाशाची झडती कडक झाली, सामानाची तपासणी वाढली. पण कंदाहारने आणखी एक प्रश्न टाकला होता. २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी ते विमान अमृतसरच्या धावपट्टीवर पाऊण तास उभे होते आणि दिल्लीत निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरत नव्हते. कोणाला काय ठाऊक होते, ते कोणी कोणाला सांगितले आणि लोकांना काय सांगितले गेले, हा तो प्रश्न. त्याची राजकीय किंमत पुढे अनेक वर्षे राजस्थानच्याच एका नेत्याने मोजली. सोडलेल्या तीन दहशतवाद्यांसह कंदाहारला गेलेले परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह म्हणजे विरोधकांच्या हाती लागलेले आयते शस्त्र होते.

जसवंत सिंहांशी पोखरणनंतर दीर्घ वाटाघाटी करणारे अमेरिकेचे माजी उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबॉट यांनी १५ मार्च २०१४ रोजी ट्विटरवर एक वाक्य लिहिले आणि दिल्लीत खळबळ उडाली. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-३७० हे विमान नाहीसे होऊन तेव्हा आठवडा झाला होता. विमानाची दिशा, त्यातील इंधन आणि त्याचा पल्ला पाहता अपहरणकर्त्यांचा बेत एखाद्या भारतीय शहरावर अमेरिकेतील ११ सप्टेंबरसारखा हल्ला करण्याचा असावा, असा संशय काही जण घेत आहेत, असा त्याचा आशय होता. टालबॉट यांनी स्वतःकडे काही माहिती असल्याचा दावा केला नव्हता. पण नाव मोठे होते, आणि त्याच दिवशी मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी विमानाची दिशा कोणीतरी जाणूनबुजून बदलल्याचे सूचित केले होते. दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी आल्या आणि वाचकांच्या मनात त्यांची बेरीज झाली. परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी ही शंका उडवून लावली. तेवढ्यावर सरकारी बाजू संपली.

ही शंका अगदीच वेडगळ होती काय? तसे म्हणता येणार नाही. अपहृत विमानाचा क्षेपणास्त्रासारखा वापर होत असेल तर ते पाडता येईल, असे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २००५ मध्येच मंजूर केले होते. म्हणजे टालबॉट यांनी जे लिहिले ते साऊथ ब्लॉकला नवे नव्हते. परंतु विमान पाडण्यासाठी ते आधी दिसावे लागते. मलेशियाच्या लष्करी रडारवर एमएच-३७० चा शेवटचा माग लागला तो अंदमानच्या समुद्राकडे जाताना, पहाटे २ वाजून २२ मिनिटांनी. त्या काळात अंदमान-निकोबार कमांडच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने वृत्तसंस्थांना सांगितले की, तेथील लष्करी रडार गरजेनुसार चालविली जातात, तेव्हा त्या वेळी ती बंदही असू शकतील. एका बाजूला विमान पाडण्याचे धोरण, दुसऱ्या बाजूला हे उत्तर. खरी बातमी या दोहोंच्या मधल्या फटीत होती. चर्चा मात्र दिएगो गार्सियाच्या तळावर आणि वैमानिकाच्या घरातील सिम्युलेटरवर रंगली.

दिल्लीत हा प्रश्न विचारायचा कोणी? पंधराव्या लोकसभेची शेवटची बैठक २१ फेब्रुवारी २०१४ रोजी झाली होती. ५ मार्चला निवडणुका जाहीर झाल्या आणि ८ मार्चच्या पहाटे विमान नाहीसे झाले. प्रश्नोत्तराचा तास नाही, शून्य प्रहर नाही. राज्यसभा विसर्जित होत नसते, पण तिचीही बैठक नव्हती. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी आणि नागरी विमान वाहतूक मंत्री अजित सिंह यांना कोणत्याही सभागृहात उभे राहून बोलण्याची वेळ आली नाही. विचारण्याची जागाच बंद असल्यावर प्रश्न दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे आणि चहाच्या टेबलाकडे वळतात. विमानातील २३९ जणांत पाच भारतीय होते आणि त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या घरच्यांनी ते आठवडे याच अटकळी ऐकत काढले. चोरीच्या पारपत्रांवर प्रवास करणाऱ्या दोघा इराण्यांचा दहशतवादाशी संबंध आढळत नाही, हे इंटरपोलने चार दिवसांत सांगितले. तरी तो तर्क कितीतरी दिवस चालूच राहिला.

याच्या उलट उदाहरण दोन वर्षांनीच घडले. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. आत २९ जण होते. या वेळी पावसाळी अधिवेशन चालू होते. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी राज्यसभेत सदस्यांच्या प्रश्नांना तोंड दिले. घातपाताची शक्यता फारच कमी आहे, अमेरिकेकडे उपग्रहीय माहितीची मदत मागितली आहे, असे सांगताना विमान अचानक नाहीसे होण्याने आपणही अस्वस्थ असल्याचे त्यांनी मान्य केले. विमान काही सापडले नाही. पण सरकारला किती कळले आहे आणि कुठे कळत नाही, हे देशाला समजले. परकीय हाताच्या कहाण्या त्या वेळी फारशा चालल्या नाहीत, याचे थोडे श्रेय त्या उत्तरांना द्यावे लागेल. त्या विमानाचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने ३,४०० मीटर खोलीवर शोधले आणि संरक्षण मंत्रालयाने ते निवेदन काढून जाहीर केले.

अधिकारी वर्गाचे म्हणणे असे की, तपास चालू असताना बोलणे धोक्याचे; रडार कोठवर पाहते हे शत्रूला का सांगावे? हा मुद्दा खोटा नाही. मात्र ठाऊक असून न सांगणे वेगळे आणि मुळात ठाऊकच नसणे वेगळे. आपल्या मंत्रालयांत ही दोन्ही एकाच ‘टिप्पणी नाही’खाली झाकली जातात. अर्धवट सांगणे तर त्याहून घातक ठरते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला. महिन्याने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही खटके बंद स्थितीत गेल्याचे आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याबाबत विचारल्याचे नमूद होते. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे मात्र नव्हते. उरलेले लोकांनी आपल्या कल्पनेने भरले आणि ज्यांना उत्तर देता येत नाही अशा दोन मृत वैमानिकांवर खटला चालला.

एमएच-३७० नंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने एक बदल केला. नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानाचे स्थान दर पंधरा मिनिटांनी विमान कंपनीला कळले पाहिजे, असा दंडक आहे. विमान हरवू नये याची ही तरतूद झाली. ते हरवल्यावर, आणि विशेषतः निवडणुकीच्या धामधुमीत हरवल्यावर, कोणत्या मंत्र्याने किती तासांत देशापुढे यावे, याचा दंडक मात्र कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेकडून येणार नाही. तो दिल्लीतच करावा लागेल. दरम्यान, ‘विमान सापडले तरच सात कोटी डॉलर’ या अटीवर ओशन इन्फिनिटी या कंपनीकडून हिंदी महासागराच्या दक्षिण भागात नवा शोध घेण्यास मलेशियाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. एप्रिलमध्ये तो थांबला आणि ३० डिसेंबरपासून पुन्हा सुरू होईल, असे त्याच महिन्याच्या आरंभी जाहीर झाले. या वेळचे शोधक्षेत्र १५ हजार चौरस किलोमीटरचे होते.