भाचीची गाडी आणि डबलसीटचा प्रश्न

माझी भाची एटापल्ली तालुक्यात आरोग्यसेविका आहे, हे सांगताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढते. तिच्या आईच्या मात्र पोटात गोळा येतो. चंद्रपुरात वाढलेली पोर, आणि नेमणूक कुठे, तर एटापल्लीच्याही पुढे, गट्ट्याच्या वाटेवरच्या एका उपकेंद्रात! ज्या वाचकांनी हा मुलूख पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून एस.टी.ने निघावे, गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्लीस यावे, आणि तेथून सागाच्या जंगलातून आणखी तीसेक किलोमीटर गेले की एटापल्ली लागते. १९८२ च्या ऑगस्टात गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. तोवर हे सारे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. एटापल्लीपर्यंत एस.टी.चा भरवसा आहे. पुढे ती आहेही आणि नाहीही. लसीचा डबा खांद्याला अडकवून तिची वाट पाहणाऱ्या बाईला हा फरक चांगला कळतो.

तेव्हा मोटारसायकल घेणे प्राप्तच होते. महिनाभर एका सहकाऱ्याच्या गाडीवर मैदानात घिरट्या घालून बाईसाहेब शिकल्या आणि एके रात्री मला फोन आला.

"मामाजी, गाडी घ्यायचं ठरलं. पण मी नवशिकी, म्हणून मला विमा जास्त पडेल असं इथे सगळे म्हणतात. खरं काय?"

तिने मलाच विचारावे याला कारण आहे. माझी सारी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली, आणि त्यातली बरीच वर्षे मोटार अपघातांच्या दाव्यांचे कागद शिवण्यात. वकिलाइतका कायदा मला येत नाही. पण कोणत्या कागदावाचून माणसे रडतात, तेवढे नक्की कळते.

ही 'नवशिक्याला जास्त' अफवा आमच्याच घरातून उठली होती. माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. तेथे त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली, तर विमा कंपनीने त्याचे वय विचारले, परवाना किती दिवसांचा ते विचारले, घर कोणत्या वस्तीत, गाडी रात्री कुठे ठेवता, हेही विचारले, आणि गाडीच्या निम्म्या किमतीहून जास्त हप्ता सांगितला. ही हकीकत त्याने दिवाळीच्या फोनवर सर्व नातलगांना एकेकदा सांगितली. तिकडची रीतच तशी आहे. कोवळा हात म्हणजे अपघाताचा धोका अधिक, म्हणून हप्ता अधिक.

आपल्याकडे तसे नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला आपल्या गाडीने इजा झाली तर त्याची भरपाई करणारा जो विमा, ज्याला सगळे 'थर्ड पार्टी' म्हणतात, तो आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी ठरावाने ठरतो. आणि त्यात तुमचे वय, अनुभव, स्वभाव यांतले काहीही विचारात घेत नाहीत. इंजिन किती सी.सी.चे एवढेच पाहतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६, आणि त्यापुढच्या धिप्पाड गाड्यांना २,८०४. चाळीस वर्षे गाडी चालवलेले आजोबा आणि काल क्लच सोडायला शिकलेली नात, दोघांना दर एकच. आपल्या देशात असा समभाव फार ठिकाणी सापडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

हे ऐकून भाची खूश झाली. मी तिला म्हटले, "थांब. इतक्यात पेढे वाटू नकोस."

कारण नव्या गाडीची गोष्ट वेगळी. पुष्कळ लोक पहिल्या वर्षी विमा काढीत आणि मग विसरून जात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्याच दरपत्रकात आमच्या १५० सी.सी.पर्यंतच्या गाडीला तो ३,८५१ रुपये आहे. वर अठरा टक्के कर, म्हणजे झाले ४,५४४. ज्याची पहिली गाडी, त्याच्या खिशाला हा एकरकमी आकडा टोचतो, आणि तो समजतो की मी नवा म्हणून मला नाडले. नाडलेले नाही, पाच वर्षांचे एका दिवशी घेतले आहे इतकेच. (भाचीचा एक सहकारी ३५० च्या वरची गाडी घेण्याच्या गोष्टी करीत असे. तिचे पाच वर्षांचे १५,११७ होतात हे कळल्यावर तो हल्ली त्या विषयावर बोलत नाही.)

गाडी घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम एस.टी.ने गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही, माणूस गोड होता. त्याने हारतुरे, नारळ, सगळे केले आणि कागद पुढे करून म्हणाला, "मॅडम, पाच वर्षांचा विमा झाला. आता पाच वर्षं काही बघायचं काम नाही."

मी चष्मा लावला. कागदावर नुसता थर्ड पार्टी विमा होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही, चालवणाऱ्याच्या जिवाचा नाही. "पैसे वाचवून दिले, काकाजी," तो म्हणाला. त्याने वाचवले होते हे खरे, दोनेक हजार रुपये. मी विचारले, "आणि डबलसीट बसणाऱ्याचं काय?" तो हसला. "त्याचं काय असतं, काकाजी? तो बसतो."

येथे मला एक जुनी फाइल आठवली. नावे, गाव काही सांगणार नाही. विशीतला मुलगा, नवी गाडी, मागे जिवलग मित्र. वळणावर गिट्टीवरून चाक सरकले. चालवणारा खरचटला, मागचा गेला. मित्राच्या म्हाताऱ्या आईने दावा लावला. विमा होता, तारीख चालू होती, हप्ता भरलेला होता. कंपनीच्या वकिलाने उठून सांगितले की, कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत मागे बसलेला माणूस येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसे सांगितले आहे. आणि ते खरे होते. रस्त्याने चालणारा अनोळखी माणूस त्या विम्यात होता, स्वतःच्या पाठीला टेकून बसलेला मित्र नव्हता. काही लाखांचा हुकूम झाला तो त्या पोरावर. त्याच्या बापाने वावर विकले. निकालाच्या दिवशी ती दोन्ही घरची माणसे व्हरांड्यात एकाच बाकावर बसली होती, कारण दुसरा बाकच नव्हता.

आता माझ्या भाचीच्या मागे कोण बसणार? आशाताई. गरोदर बाईच्या घरी जायचे तर दोघी एकाच गाडीवर जाणार, कारण पाड्याची वाट आशाताईला ठाऊक आणि माडिया बोलीही तिलाच येते. आणि रस्ता तरी कोणता, तर सुरजागडच्या पायथ्याचा. २०२१ साली तेथील लोहखनिज पुन्हा निघू लागले, तेव्हापासून जड ट्रकांची रीघ हा इथल्या लोकांच्या तोंडचा रोजचा विषय झाला.

मी दुकानदाराला तो कागद बदलायला लावला. लोक ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात ती पॅकेज पॉलिसी घेतली की मागे बसणाराही त्यात येतो. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना तसे स्पष्ट बजावले आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या किमतीवर बसतो. जुन्या सरकारी दरपत्रकात दीडशे सी.सी.पर्यंतच्या नव्या गाडीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शंभरास १.७०८ आणि उरलेल्या मुलखात १.६७६ असा दर होता. म्हणजे नागपूरचे धरमपेठ आणि गट्ट्याचे जंगल एकाच पंगतीत! २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांनी ठरवायचे आहेत, तेव्हा दोन ठिकाणी विचारून घ्यावे. दुकानदार देईल तोच विमा घ्यावा असा कायदा नाही.

चालवणाऱ्याच्या स्वतःच्या अपघाताचे पंधरा लाखांचे संरक्षण हा तिसरा भाग. २०१८ साली त्याचा वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरला होता. तेवढ्याच रकमेची अपघात पॉलिसी आधीच असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. एक मात्र भाचीला दोनदा बजावले. गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षाचाच असतो. पाच वर्षांचा कागद कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या वर्षी त्यांची पॉलिसी अर्धीच जिवंत असते. अनुभवी माणसाला मान मिळतो तोही याच भागात. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात वीस टक्के सूट, आणि ती वाढत पाच वर्षांनी पन्नासवर जाते. म्हणून आरसा फुटला, इंडिकेटर तुटला अशा किरकोळ कामासाठी कंपनीकडे धावू नये.

राहिला परवाना. भाचीकडे तेव्हा शिकाऊ होता. त्यावर लाल 'एल' लावून गाडी चालवता येते, पण मागे शिकवणाराच बसू शकतो, दुसरे कोणी नाही. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. "तोवर आशाताईंना बसवायचे नाही," मी म्हणालो. भाची गप्प राहिली. मग म्हणाली, "मामाजी, बाळंतीण अडली तर?"

याचे उत्तर माझ्या कोणत्याही फाइलीत नव्हते. मी एवढेच म्हणालो की, तीस दिवस त्या सहकाऱ्याच्या गाडीचा आधार घे. तिने मान डोलावली, पण ती माझ्या समाधानासाठी असावी.

महिना झाला, परवाना पक्का झाला. परवा तिचा फोन आला. मागे कोंबडे आरवत होते आणि कोणीतरी बाई मोठ्याने काही सांगत होती.

"मामाजी, आशाताई विचारते आहे, विम्याच्या कागदावर माझं नाव कुठं लिहिलं आहे?"

"त्यांना सांग, मागे बसणाऱ्याचं नाव लिहावं लागत नाही."

फोनवर थोडा वेळ माडियात बोलणे चालले. मग भाची म्हणाली, "ती म्हणते, लिहून घ्या. माझं पूर्ण नाव लिहा, नवऱ्याचं नको."