सर्वांत मोठा दिवस कोणाचा?

२१ जूनचा दिवस वर्षातला सर्वांत मोठा, हे आपण शाळेत घोकलेले असते. आम्ही चार-पाच स्नेही तो दिवस दरवर्षी वर्ध्यात एकत्र बसून साजरा करतो. मंडळी बहुतेक जिनातली आणि गिरणीतली. थाट काही नाही. अंगणात ओळंब्याने सरळ उभी केलेली पाच फुटांची काठी, भाजलेले शेंगदाणे आणि चहा. आभाळ भरून आले तर नुसताच चहा. युरोपच्या उत्तरेकडे या सुमारास होळ्या पेटवून सूर्याचे कौतुक करतात. आपण त्या दिवसांत ढगांची वाट पाहत असतो, इतकाच फरक!

पहिल्या वर्षी आमच्यात वाद झाला. आज भर माध्यान्ही सावली नाहीशी होणार, असे एकाचे म्हणणे. घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली, असे नव्हे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. वर्धा त्याच्या पश्चिमेस सुमारे चार अंश, आणि अंशाला चार मिनिटे. म्हणून येथे सूर्य सव्वाबारा उलटल्यावर माथ्याशी येतो. आम्ही तोवर थांबलो. सावली गेली नाही. जवळजवळ तीन इंच उरली, आणि तीही दक्षिणेकडे!

कारण सरळ आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून सूर्य उत्तरेस तितकाच जातो. वर्धा पावणेएकवीस अंशांवर. सूर्य मेच्या २४-२५ तारखेच्या सुमारास आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो व जुलैच्या १९च्या आसपास परत येतो. बिनसावलीची माध्यान्ह तेव्हाची. मधले सुमारे आठ आठवडे दुपारची सावली दक्षिणेला पडते. पन्नाशी गाठेपर्यंत आमच्यापैकी कोणीही खाली पाहिले नव्हते.

मग दिवसमानाचा हिशेब निघाला. वर्ध्यात हा दिवस तेरा तासांहून वीसेक मिनिटांनी मोठा. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहूनही थोडा कमी. अंतर अडीच तासांचे. आमच्यातला एक जण शेतमजुराचा मुलगा. तो म्हणाला, "माझ्या बापाला दोन्ही दिवसांची मजुरी एकच होती."

गिरण्यांतही आधी असेच होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांची सभा भरविली. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, अशा मागण्या होत्या. मागणीसुद्धा सूर्याच्याच मापाने! पुढे विजेचे दिवे आले तशी सूर्यास्ताचीही आडकाठी उरली नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. कारखान्यात घड्याळ आले. शेताच्या बांधावर ते पोचले का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

म्हणून येत्या जूनला काठी अंगणात नव्हे, एका ओळखीच्या शेतावर उभी करायचे ठरले आहे. सरकी लावायला आलेल्या बायांची सुटी कशावरून होते, ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून पाहू. शेंगदाणे थोडे जास्त न्यावे लागतील.