एकोणिसाव्या खेपेला...

संध्याकाळ झाली की सीमाभागातल्या आपल्या घरांत रिमोटवरून गोड भांडण ठरलेलेच. आजीला कन्नड धारावाही चुकवायची नसते आणि सुनेला मराठी मालिका. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली, तेव्हा ‘आता संपणार तरी कधी?’ असे आपणच म्हणत होतो आणि रोज पाहतही होतो. मग एकाच मालिकेत, एकाच भूमिकेत तब्बल ४१ वर्षे वावरलेल्या अभिनेत्रीला काय म्हणावे? अमेरिकेच्या सुझन लुचीने हे करून दाखवले. मला मात्र तिच्याविषयी सांगावेसे वाटते ते या विक्रमापेक्षा वेगळे आहे. तिने कशाची वाट पाहिली आणि कशाची पाहिली नाही, ते मला मोलाचे वाटते.

अमेरिकेत अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. १९३०च्या दशकात रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी कौटुंबिक कथा लागत. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करत, म्हणून हे नाव पडले. ‘गायडिंग लाइट’ ही त्यातलीच एक. १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली ही मालिका पुढे टीव्हीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. तिच्या लेखिका ॲग्नेस निक्सन यांनी १९६२ मध्ये नायिकेला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे कथानक लिहिले. बायकांनी वेळीच तपासणी करून घ्यावी हा त्यांचा हेतू होता. परवानगी मिळाली, पण ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्द उच्चारायचे नाहीत, या अटीवर!

याच निक्सनबाईंची ‘ऑल माय चिल्ड्रन’ ५ जानेवारी १९७० रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली. एरिका केन या हट्टी, देखण्या शाळकरी मुलीसाठी त्यांनी २३ वर्षांच्या सुझनला निवडले. सुझन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेली, नाट्यशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली. आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, मूळ ऑस्ट्रियाच्या हेल्मुट ह्यूबर यांच्याशी तिचे लग्न झाले होते.

एरिका म्हणजे आपल्या मालिकांतल्या खलनायिकेचे आणि नायिकेचे मिश्रण. तिने इतकी लग्ने केली की हिशेब ठेवता ठेवता प्रेक्षक थकले. पण या गोंधळातच समाजाला टोचणारे विषयही आले. १९७३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला मान्यता दिली त्याच वर्षी, एरिकाने कायदेशीर गर्भपात करून घेतल्याचे दाखवले गेले. पुढे ती वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकली. २००० साली तिच्या मुलीने आपण समलिंगी असल्याचे आईला सांगितले. घराघरांत दबून राहिलेली बोलणी अशी दुपारच्या चहाबरोबर उघड झाली.

आता पुरस्कारांची गंमत. दुपारच्या मालिकांसाठीच्या डेटाइम एमी पुरस्काराकरिता सुझनला पहिले नामांकन १९७८ मध्ये मिळाले. पुरस्कार दुसरीला गेला. पुन्हा नामांकन, पुन्हा दुसरीच. असे एकदा-दोनदा नव्हे, अठरा वेळा झाले! विनोदी कार्यक्रमांना हा आयता विषय मिळाला. सुझनबाईंनी रुसून बसण्याऐवजी १९९० मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या गाजलेल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन स्वीकारले आणि स्वतःच्या हुकलेल्या पुरस्कारांवर सर्वांबरोबर हसून घेतले. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण, घरी दोन मुले, हा क्रम काही चुकला नाही.

मे १९९९ मध्ये, एकोणिसाव्या खेपेला, अखेर तिचे नाव पुकारले गेले. सभागृह उभे राहिले आणि टाळ्या मिनिटांमागून मिनिटे थांबेनात. सहकलाकार रडत होते. हरतानाही रोज मान ताठ ठेवून कामावर येणाऱ्या बाईला मिळालेली ती दाद होती, असे मला वाटते.

सप्टेंबर २०११ मध्ये एबीसीने मालिका बंद केली. सुझन तेव्हा ६४ वर्षांची होती. तरीही तिने ‘डीव्हियस मेड्स’ या मालिकेत काम केले.

आणि मग २०१८चा तो ऑक्टोबर. ७१ वर्षांची, नियमित व्यायाम करणारी, सडपातळ सुझन. छातीत दोनदा आवळल्यासारखे झाले. होईल बरे, म्हणून तिने सोडून दिले. तिसऱ्यांदा ती एका दुकानात होती. छातीवर हत्ती बसल्यासारखे वाटले. हेच वर्णन तिने पूर्वी एका मुलाखतीत दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकले होते, ते तिला आठवले. दुकानाच्या व्यवस्थापिकेनेच तिला गाडीतून रुग्णालयात नेले. हृदयाच्या मुख्य धमनीत ९० टक्के अडथळा निघाला, दुसऱ्या शाखेत ७५ टक्के. दोन स्टेंट बसवले आणि जीव वाचला.

पुरस्कारासाठी एकवीस वर्षे थांबलेली ही बाई इथे मात्र आणखी थांबली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने हे सारे जाहीरपणे सांगितले आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनबरोबर बायकांना सावध करू लागली. आपण मुलांच्या, नवऱ्याच्या तपासण्या लक्षात ठेवतो, स्वतःची मात्र पुढे ढकलतो, असे तिचे म्हणणे.

हे वाचताना मला आपलीच घरे दिसली. छातीत भरून आले की ‘पित्त असेल’ म्हणून ताक प्यायचे आणि भाकऱ्या थापायला बसायचे! बायकांना हृदयविकारात नेहमीच छातीत कळ येते असे नाही. धाप लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, कधी नसलेला थकवा, ही लक्षणेही असू शकतात. अशा वेळी घरच्यांना सांगा आणि १०८ला फोन करा. कर्नाटकात असा, महाराष्ट्रात असा की गोव्यात, नंबर एकच आहे.

मार्च २०२२ मध्ये हेल्मुट गेले. ५२ वर्षांचा संसार थांबला. डिसेंबर २०२३ मध्ये सुझनला डेटाइम एमीचा जीवनगौरव मिळाला. तो घ्यायला ती स्वतः हजर होती, हे त्या दुकानातून वेळेवर निघाल्यामुळेच.